डीकेएमधील मुलांचे लॅक्टेट: नमुना घेण्यापासून निर्णयापर्यंत

मधुमेही कीटोॲसिडोसिस, म्हणजे डीकेए (इन्सुलिनअभावी कीटोन साचून रक्त आम्लयुक्त होणे), झालेल्या मुलाचा ब्लड गॅस, म्हणजे रक्ताची आम्लता आणि वायू मोजणारा अहवाल, छापून येतो. पीएच, बायकार्बोनेट आणि ग्लुकोज यांच्या खाली लॅक्टेटचा, म्हणजे प्राणवायू कमी पडला किंवा चयापचय बिघडला की रक्तात वाढणाऱ्या घटकाचा, आकडा असतो आणि तो बऱ्याचदा २ मिलिमोल/लिटरच्या वर असतो. इथून दोन उलट दिशांच्या चुका होतात. एक म्हणजे तो सेप्सिसचा (जंतुसंसर्गाने अवयव बिघडण्याचा) आकडा समजून मूल आतून ठीक असतानाही सलाइनचे बोलस, म्हणजे थोड्या वेळात दिलेले मोठे डोस, देत राहायचे. दुसरी म्हणजे ‘डीकेएत वाढतेच’ म्हणून तो सोडून द्यायचा आणि सहा तासांनी तोच आकडा दुप्पट झालेला बघायचा. दोन्हींचे मूळ एकच: लॅक्टेट एकटे वाचले जाते. ते ॲनायन फरक (ॲनायन गॅप, म्हणजे रक्तातल्या न मोजलेल्या आम्लांचा अंदाज देणारा आकडा), कीटोन, हातापायांची ऊब आणि आधीचा आकडा यांच्या शेजारी ठेवून वाचायचे असते, आणि तसे वाचले तर बहुतेक वेळा गोंधळ उरत नाही.

हे लिखाण बालरोग विभागातले रेसिडेंट डॉक्टर, आयसीयूमधल्या सिस्टर आणि तातडीच्या विभागात मुले पाहणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. तुमच्या विभागाचा लिखित प्रोटोकॉल आणि वरिष्ठांचा निर्णय याआधी येतो. मुलाला डीकेएची शंका असलेल्या पालकांनी हे वाचत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आधी निदानाचा पाया

रक्तातील ग्लुकोज २०० मि.ग्रॅ./डेसीलिटरच्या वर, शिरेतल्या रक्ताचा पीएच ७.३ पेक्षा कमी किंवा बायकार्बोनेट १८ पेक्षा कमी, आणि रक्तातील मुख्य कीटोन बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ३ मिलिमोल/लिटर किंवा जास्त, नाहीतर लघवीत मध्यम ते भरपूर कीटोन. हे तीन एकत्र असले की डीकेए. पीएच ७.२ च्या खाली गेला तर मध्यम, ७.१ च्या खाली गेला तर तीव्र. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटला यापुढे नुसते बीएचबी म्हणू.

या पायरीवर घाई करू नये, कारण लॅक्टेट जास्त, ग्लुकोज जास्त आणि पीएच कमी एवढ्यावर डीकेए ठरत नाही. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या लहान बाळाची साखर ताणामुळे ३०० पर्यंत जाऊ शकते आणि लॅक्टेटही चढते, पण बीएचबी तुलनेने कमी असते आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) सामान्य येते. अशा बाळाला पाणी हवे असते, इन्सुलिनचा पंप नको असतो. कीटोन मोजल्याशिवाय इन्सुलिन सुरू करू नका.

लॅक्टेट का चढते

पहिले कारण सर्वांना माहीत असते. साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, उलट्या होतात, रक्ताचे आकारमान घटते, ऊतींना प्राणवायू कमी पोहोचतो आणि पेशी पायरुवेटचे (ग्लुकोज फुटून बनणाऱ्या पदार्थाचे) लॅक्टेट करतात. हे लॅक्टेट द्रव दिल्यावर उतरते.

दुसरे कारण कमी बोलले जाते, आणि मुलांमध्ये बऱ्याच वेळा तेच मोठे असते. इन्सुलिन नसले की पायरुवेट डिहायड्रोजिनेज हे विकर दडपले जाते. पायरुवेटला पेशीच्या ऊर्जाचक्रात जाण्याचे हेच दार आहे. दार अर्धवट बंद, आणि बाहेर ग्लुकोजचा पूर. त्यात आजारपणाच्या ताणाने ॲड्रिनलिन वाढलेले असते, ते स्नायूंमध्ये ग्लुकोज फोडण्याचा वेग आणखी वाढवते. रक्ताभिसरण उत्तम असतानाही लॅक्टेट ३ किंवा ४ दिसते ते यामुळे. हे लॅक्टेट उतरवायला जास्तीचे बोलस लागत नाहीत. वेळेवर सुरू झालेले इन्सुलिन आणि ताण कमी होणे लागते.

म्हणूनच सेप्सिसमधला लॅक्टेटचा अर्थ इथे जसाच्या तसा लावता येत नाही. डीकेए झालेल्या मुलांच्या अभ्यासांत दाखल होतानाचे वाढलेले लॅक्टेट वारंवार आढळले आहे, पण ते एकटे घेतले तर त्यावरून मूल किती दिवस रुग्णालयात राहील हे ठरत नाही. साखर जितकी जास्त तितके लॅक्टेट जास्त, हा संबंध मात्र प्रौढांच्या अभ्यासांतही दिसलेला आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तीव्र आम्लता ग्लुकोज फोडण्याच्या प्रक्रियेला स्वतःच लगाम घालते. त्यामुळे पीएच ६.९ असताना लॅक्टेट ३ आणि पीएच ७.१५ झाल्यावर ३.४ असे चित्र दिसू शकते; मुलाची तब्येत सुधारत असेल तर ही किरकोळ चढण म्हणजे बिघाड नव्हे. याच कारणाने बायकार्बोनेट दिल्यावरही लॅक्टेट वाढते. दुसरे, डीकेएमध्ये ॲसिटोनपासून मिथाइलग्लायॉक्सल आणि त्यापासून डी-लॅक्टेट, म्हणजे नेहमीच्या एल-लॅक्टेटचे आरशातले रूप, तयार होते. नेहमीची यंत्रे फक्त एल-लॅक्टेट मोजतात, त्यामुळे हा भाग तुमच्या कागदावर येतच नाही. तो फक्त न जुळणाऱ्या ॲनायन फरकात दडलेला असतो.

नमुना: निम्म्या चुका इथेच होतात

धमनीतून रक्त काढण्याची गरज नाही. शिरेतले लॅक्टेट धमनीपेक्षा थोडे जास्त असते, म्हणून शिरेतले सामान्य आले तर विषय संपला. रडणाऱ्या मुलाला धरून धमनी टोचली तर वेदना वाढतात आणि धडपडीने लॅक्टेटही वाढते.

शक्य असेल तेव्हा द्रव-इन्सुलिनच्या सुईशिवाय दुसऱ्या हातात रक्त काढण्यासाठी वेगळी सुई सुरुवातीलाच लावून ठेवा. डीकेएच्या पहिल्या दिवसात रक्त इतक्या वेळा काढावे लागते की ही मेहनत वाया जात नाही. त्याच सुईतून नमुना घेताना आधी नळीतले द्रव आणि सुरुवातीचे रक्त काढून टाका. रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या हातातून नमुना घेऊ नका. त्या बाटलीत लिटरमागे सुमारे २८ मिलिमोल लॅक्टेट असते, थोडीशी भेसळही आकडा बिघडवते. ग्लुकोज अचानक फार कमी, सोडियम-क्लोराइड बाटलीच्या जवळ आणि हिमोग्लोबिन घटलेले दिसले, तर तो नमुना मुलाचा कमी आणि बाटलीचा जास्त आहे असे समजा.

टूर्निकेट लावावीच लागली तर थोडा वेळ, आणि मुलाला मूठ आवळायला सांगू नका. बोटातून किंवा टाचेतून दाबून काढलेल्या रक्तात लॅक्टेट खोटे जास्त येते, थंड बोटातून तर आणखीच. झटका येऊन गेल्यावर किंवा सुईसाठी दहा मिनिटे झटापट झाल्यावर घेतलेला आकडा त्या झटापटीचा असतो. कागदावर तसे लिहून ठेवा आणि मूल शांत झाल्यावर पुन्हा घ्या.

सिरिंज हेपरिनची असावी, बुडबुडे काढून टाकावेत आणि नमुना १५ मिनिटांच्या आत यंत्रात जावा. प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर फ्लोराइड-ऑक्सलेटची, राखाडी झाकणाची नळी वापरा आणि बर्फावर पाठवा. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तात पेशी ग्लुकोज फोडतच राहतात आणि लॅक्टेट वाढत जाते. डीकेएमध्ये जंतुसंसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी बऱ्याच वाढलेल्या असतात, त्यामुळे नळीतली ही वाढ आणखी वेगाने होते. तासभर टेबलावर पडलेल्या नळीचे लॅक्टेट वाचण्यात अर्थ नाही.

एकक तपासा. काही प्रयोगशाळा मि.ग्रॅ./डेसीलिटरमध्ये आकडा देतात. ९ ने भागले की मिलिमोल/लिटर मिळते. ‘लॅक्टेट २७’ पाहून घाबरण्याआधी ते ३ आहे का हे बघा. आणि एक मुद्दा विषबाधेचा: इथिलिन ग्लायकॉल पोटात गेलेल्या मुलात त्याचा ग्लायकोलेट हा घटक अनेक गॅस यंत्रांना लॅक्टेटसारखा दिसतो. गॅस यंत्रावर प्रचंड लॅक्टेट आणि प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीने मोजलेले सामान्य, असे आले तर कुठल्या विषाचा संबंध आहे का ते शोधा.

हिशेब मांडा

कागदावर तीन ओळींचे गणित केल्याशिवाय लॅक्टेटवर निर्णय घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. ॲनायन फरक म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा. सामान्य १२, दोन इकडे-तिकडे. डीकेएमध्ये तो साधारण २० ते ३० असतो. ३५ च्या वर गेला तर कीटोनच्या जोडीला लॅक्टिक ॲसिडोसिस आहे असे धरून चला.

उदाहरण घेऊ. २० किलोचे मूल, सोडियम १३२, क्लोराइड ९६, बायकार्बोनेट ६, ग्लुकोज ५४०, बीएचबी ९, लॅक्टेट ४.२. ॲनायन फरक १३२ − (९६ + ६) = ३०, म्हणजे सामान्यापेक्षा १८ जास्त. बायकार्बोनेटही २४ वरून ६ वर आलेले, म्हणजे १८ ने कमी. दोन्ही बाजू जुळतात. आता हे १८ कुठून आले? बीएचबी ९. डीकेएमध्ये बीएचबी आणि ॲसिटोॲसिटेट यांचे प्रमाण ढोबळमानाने ३ ला १ असते, म्हणून ॲसिटोॲसिटेट सुमारे ३. लॅक्टेटचा सामान्यापेक्षा जास्तीचा भाग सुमारे ३. बेरीज १५. उरलेले ३ सुकण्यामुळे दाट झालेले अल्ब्युमिन, फॉस्फेट, डी-लॅक्टेट अशा किरकोळ गोष्टींत बसतात. निष्कर्ष: या मुलाची आम्लता मुख्यतः कीटोनची आहे, लॅक्टेट हा सहावा हिस्सा. याला डीकेएचे नेहमीचे उपचार हवेत.

आता तेच मूल पण बीएचबी ४ आणि लॅक्टेट ९ असते तर? कीटोनचा वाटा पाच-सव्वापाच, लॅक्टेटचा आठ. इथे डीकेए हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे शोधल्याशिवाय पलंगापासून हलू नये.

बीएचबी मोजायची सोय नसेल आणि फक्त लघवीची पट्टी असेल तर सावध राहा. पट्टीतील नायट्रोप्रुसाइड ॲसिटोॲसिटेट ओळखते, बीएचबी ओळखत नाही. लॅक्टेट वाढवणारी पेशीतली परिस्थितीच ॲसिटोॲसिटेटला बीएचबीकडे ढकलते. म्हणजे रक्ताभिसरण जितके खराब, तितकी पट्टी फिकी. मूल शॉकमध्ये (ऊतींना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत) असताना पट्टीवर ‘कीटोन थोडे’ दिसले म्हणून आम्लतेचा सगळा दोष लॅक्टेटवर ढकलू नका. उपचारांनी मूल सुधारताना पट्टी गडद होऊ शकते, तेही याच कारणाने.

हिशेब करतानाच कार्बन डायऑक्साइडकडे नजर टाका. बायकार्बोनेटच्या दीडपटीत ८ मिळवले की अपेक्षित दाब मिळतो. बायकार्बोनेट ६ असेल तर सुमारे १७ मिमी. मूल जोरजोरात श्वास घेते ते या आम्लतेची भरपाई करण्यासाठी. नुसत्या वेगवान श्वासामुळे आणि वाढलेल्या लॅक्टेटमुळे त्याला नळी घालून व्हेंटिलेटरवर घेणे धोक्याचे असते, कारण यंत्राला ती भरपाई सहज जमत नाही. उलट, दाब अपेक्षेपेक्षा बराच जास्त असेल तर मूल थकत आहे किंवा मेंदूवर परिणाम होत आहे.

मुलाकडे बघा

लॅक्टेट रक्ताभिसरणाबद्दल आहे की चयापचयाबद्दल, हे मुलाच्या अंगावर दिसते. हातपाय गार की गरम, मनगटातील नाडी भरीव की बारीक, हृदयाचे ठोके वयाच्या मानाने किती, रक्तदाब किती, मूल ओळखते का. यातही डीकेएचे काही सापळे आहेत.

लघवी भरपूर होणे हे इथे रक्ताभिसरण चांगले असल्याचे लक्षण धरता येत नाही, कारण साखर लघवी ओढून काढत असते. शॉककडे जाणारे मूलही पलंग भिजवत असते. कोरडी जीभ तोंडाने श्वास घेतल्यानेही होते. केशिका भरण्याचा वेळ आम्लतेमुळे आणि गार खोलीमुळे लांबतो, म्हणून तो एकटा धरू नका. नाडीचा भरीवपणा आणि गारवा कुठपर्यंत चढला आहे ते सोबत पाहा. रक्तदाब मात्र डीकेएमध्ये बराच वेळ टिकून राहतो. डीकेएच्या मुलाचा रक्तदाब खरोखर कमी असेल तर सेप्सिस किंवा दुसरे गंभीर कारण शोधायलाच हवे.

ताप हा डीकेएचा भाग नाही. पांढऱ्या पेशी वाढणे हा आहे. त्यामुळे पेशींचा आकडा सोडा, पण तापाला सोडू नका. पोटदुखी डीकेएत नेहमीची. आम्लता उतरताना ती कमी व्हायला हवी. पीएच सुधारला, पोट तसेच दुखते आणि लॅक्टेट अडून बसले असेल तर शल्यचिकित्सकांना बोलवा. ॲपेंडिक्स, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याचा रक्तपुरवठा या तिन्हींचा विचार त्या क्षणी व्हायला हवा.

पहिला तास

मूल शॉकमध्ये नसेल तर ०.९% सलाइन १० ते २० मिली/किलो, २० ते ३० मिनिटांत. आपल्या २० किलोच्या मुलासाठी २०० ते ४०० मिली. लॅक्टेट ४ असले तरी एवढेच. शॉक असेल तर २० मिली/किलो शक्य तितक्या वेगाने, आणि प्रत्येक बोलसनंतर पुन्हा तपासणी. यकृताची कड, फुप्फुसांतले आवाज, नाडी. ४० मिली/किलो गेल्यावरही हातपाय गार असतील तर पुढच्या बोलसइतकाच विचार हृदयाला आधार देणाऱ्या औषधांचा आणि प्रतिजैविकांचा करा. जंतुसंसर्गाची शंका असेल तर रक्ताचा कल्चर काढून प्रतिजैविके ताबडतोब. लॅक्टेट पुन्हा मोजेपर्यंत थांबू नका.

बोलस द्यायचा की नाही हे गार हातापायांवरून आणि नाडीवरून ठरवा, छापील आकड्यावरून नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डीकेएच्या १,३८९ प्रसंगांत द्रव वेगाने किंवा सावकाश देणे आणि त्यातले सोडियम कमी-जास्त असणे यामुळे मेंदूवरील परिणामांत फरक पडला नाही. पण त्या चाचणीतही वेगवान गटाला सुरुवातीला २० मिली/किलोचा बोलस आणि नंतर आखून दिलेला वेग होता. लॅक्टेटच्या मागे धावत कितीही बोलस दिले तरी चालते, असा त्याचा अर्थ काढू नये.

इन्सुलिन द्रव सुरू झाल्यावर किमान एक तासाने, ०.०५ ते ०.१ युनिट/किलो/तास, बोलसशिवाय. ५० युनिट साधे इन्सुलिन ५० मिली सलाइनमध्ये मिसळले की १ मिली म्हणजे १ युनिट, म्हणून २० किलोच्या मुलाला ०.१ च्या दराने तासाला २ मिली. पंप लावण्याआधी नळीतून हे द्रावण वाहू द्या आणि तेवढे फेकून द्या. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटते आणि सुरुवातीचा डोस मुलापर्यंत पोहोचतच नाही. पोटॅशियम ३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन.

बायकार्बोनेट लॅक्टेटसाठी देऊ नका. जीवघेणे वाढलेले पोटॅशियम, किंवा पीएच ६.९ च्या खाली असून हृदयाचे आकुंचनच मंदावले असेल, एवढ्यापुरताच त्याचा विचार.

पुढचे तास: दिशा बघा

लॅक्टेटसाठी वेगळे टोचायची गरज सहसा पडत नाही. दर दोन ते चार तासांनी गॅस होतच असतो. पहिला आकडा २ च्या खाली असेल तर पुढे मुद्दाम पाहायचेही कारण नाही, मूल बिघडले तर वेगळे. २ ते ४ आणि अंग गरम असेल तर पुढच्या गॅसबरोबर. ४ च्या वर असेल तर पहिल्या बोलसनंतर तास-दोन तासांत नीट घेतलेल्या नमुन्यावर पुन्हा, आणि वरिष्ठांना कळवून.

तक्त्यावर एकाच ओळीत वेळ, पीएच, बायकार्बोनेट, क्लोराइड, ॲनायन फरक, बीएचबी, लॅक्टेट, ग्लुकोज लिहा. वेगवेगळ्या कागदांवर पसरलेले आकडे कोणी जोडून वाचत नाही. उपचार चांगले चालले असतील तर बीएचबी तासाला निदान ०.५ ने उतरते, बायकार्बोनेट चढते आणि लॅक्टेट काही तासांत २ कडे येते. ग्लुकोज २५० ते ३०० वर आले की द्रवात डेक्स्ट्रोज घालून इन्सुलिन चालू ठेवायचे.

इथे एक फसवणूक नेहमी होते. आठ तासांनी आपल्या मुलाचा गॅस असा येतो: पीएच ७.२४, बायकार्बोनेट १३, सोडियम १३९, क्लोराइड ११४, बीएचबी ०.९, लॅक्टेट १.४. पीएच अजून कमी म्हणून कोणीतरी इन्सुलिन वाढवायला किंवा आणखी बोलस द्यायला सांगते. ॲनायन फरक काढा: १३९ − १२७ = १२. कीटोन गेले, लॅक्टेट गेले. उरलेली आम्लता सलाइनमधल्या क्लोराइडची आहे. ती मूत्रपिंडे हळूहळू काढून टाकतील. आणखी सलाइनने ती वाढेल. उत्तर द्रवाचे आणि इन्सुलिनचे प्रमाण न वाढवण्यात आहे.

मेंदूची देखरेख या सगळ्यापासून वेगळी ठेवा. लॅक्टेट सुधारत असताना मेंदूला सूज येऊ शकते. दर तासाला शुद्धीची तपासणी. डोकेदुखी वाढली, नाडी मंदावली, वागणे बदलले तर गॅसची वाट न पाहता मॅनिटॉल ०.५ ते १ ग्रॅम/किलो १० ते १५ मिनिटांत, किंवा ३% सलाइन २.५ ते ५ मिली/किलो तेवढ्याच वेळात.

उतरत नसेल तर

चार-सहा तासांनी लॅक्टेट तसेच किंवा चढते असेल, तर आधी बीएचबी कुठे चालले आहे ते पाहा, कारण वाट तिथे फुटते.

बीएचबीही उतरत नसेल, तर इन्सुलिन मुलापर्यंत पोहोचत नाही. पंपाचा दर, सिरिंजमधले प्रमाण, सुई शिरेत आहे की बाहेर सूज आली आहे, तीनमार्गी कॉक बंद तर नाही, हे हाताने तपासा. शंका असेल तर नवे द्रावण बनवा. औषधाचा दर वाढवण्याआधी हे करा.

बीएचबी छान उतरते, लॅक्टेट चढते आणि मूल गार आहे: सेप्सिस, रक्तस्राव, पोटातला बिघाड, अपुरा द्रव. मांडीतून मध्यवर्ती शिरेत नळी घातली असेल तर त्या पायाची सूज पाहा. डीकेएत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला असतो. जंतुसंसर्गाची शंका असलेल्या मुलांसाठी २०२४ च्या फिनिक्स निकषांत लॅक्टेट ५ ते १०.९ ला एक गुण आणि ११ पासून पुढे दोन गुण आहेत. त्या मोजपट्टीवर ३.५ ला गुण नाही, हे डीकेएच्या मुलाकडे पाहताना उपयोगी पडते. पण संसर्गाची शंकाच नसताना ती मोजपट्टी लावू नका.

बीएचबी उतरते, मूल गरम आहे, खेळकर झाले आहे, तरी लॅक्टेट चढते: इथे औषधांचा तक्ता उघडा. ॲड्रिनलिनचे इन्फ्युजन आणि दम्यासाठी वारंवार दिलेले साल्ब्युटामॉल दोन्ही लॅक्टेट वाढवतात आणि पोटॅशियम खाली खेचतात. पालकांना मेटफॉर्मिनबद्दल विचारा. टाइप २ मधुमेहाच्या किशोरवयीन मुलामध्ये सुकण्याने मूत्रपिंडे मंदावली की ते साचते. लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० किंवा खाली असेल तर मेटफॉर्मिन काढण्यासाठी डायलिसिसची चर्चा लगेच सुरू करायची असते. किशोरांना एकांतात दारूबद्दलही विचारा. दारूने लॅक्टेट आणि बीएचबी दोन्ही वाढतात. क्रिएटिनिन मात्र जपून वाचा, कारण जुन्या जाफे पद्धतीत ॲसिटोॲसिटेटमुळे ते खोटे जास्त येते.

आणि थायमिन. पायरुवेट डिहायड्रोजिनेजला काम करायला थायमिन लागते, आणि डीकेएत ते लघवीवाटे वाहून जाते. इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज सुरू झाले की गरज अचानक वाढते. कुपोषित, बरेच आठवडे वजन घटत आलेले किंवा नीट न खाणारे मूल असेल आणि लॅक्टेटला दुसरे कारण सापडत नसेल, तर शक्य असल्यास पातळीसाठी रक्त काढून ठेवा आणि १०० मि.ग्रॅ. थायमिन शिरेतून सावकाश द्या. अहवालासाठी थांबू नका. ते बहुतेकांना निर्धोक असते, कमतरता असेल तर काही तासांत लॅक्टेट उतरू लागते, आणि न देण्याची किंमत हृदय व मेंदू मोजतात. कारण नसलेल्या चढत्या लॅक्टेटमध्ये हा विचार अजूनही फार उशिरा केला जातो.

बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, किंवा कीटोन-साखर-लॅक्टेट यांच्या जोडीला रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट कमी असतील, तर अमोनिया पाठवा. प्रोपिऑनिक, मिथाइलमॅलोनिक आणि आयसोव्हॅलेरिक ॲसिडिमिया डीकेएसारखेच दिसू शकतात. आईकडून मधुमेह, बहिरेपणा आणि उंची कमी असा इतिहास असेल तर मायटोकाँड्रियाच्या मधुमेहाचा विचार करा.

डीकेए संपल्यावरही ३-४ राहिले तर

पीएच ७.३ च्या वर, बीएचबी १ च्या खाली, मूल भुकेले, आणि लॅक्टेट मात्र ३ किंवा ४. अशा मुलाचे पोट चाचपा. यकृत मोठे आणि टणक लागत असेल, यकृताची विकरे वाढलेली असतील, मधुमेह बराच काळ नियंत्रणाबाहेर असेल, तर यकृतात ग्लायकोजेन साचल्याने होणारा विकार बहुधा आहे. त्यात उंची खुंटणे आणि वयात येणे लांबणे जोडले की त्याला मोरियाक सिंड्रोम म्हणतात. या लॅक्टेटसाठी शिरेतले इन्सुलिन किंवा द्रव लांबवू नका. त्वचेखालील इन्सुलिन सुरू करा, जेवण सुरू करा, सोनोग्राफी सांगा, आणि पुढच्या भेटीत साखरेच्या नियंत्रणाबरोबर लॅक्टेट आणि यकृताची विकरे पुन्हा पाहा. साखर काही आठवडे नीट राहिली की यकृत लहान होते आणि लॅक्टेटही त्यामागे उतरते. घरी पाठवताना चिठ्ठीवर हे स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना या मुलाचे नेहमीचे लॅक्टेट किती ते कळेल.